मावशीच्या दुकानाची पुरवणी

मला वाचायला कोणी शिकवलं असं कोणी विचारलं तर मी सांगते, पुड्यांनी शिकवलं. औंढ्याला नागनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या गल्लीत माझ्या मावशीचं बेल-फुलांचं दुकान होतं. नारळ, उदबत्ती, अष्टगंध, साखरफुटाणे. फुटाणे बांधायला पेपरची रद्दी यायची. माझी शाळा दुसरीतच सुटली होती. मावशीकडं राहायला गेले की दिवसभर पुड्या वळायच्या आणि वळता वळता वरची अक्षरं लावायची. मावशीही माझ्यासोबतच शिकली. तिची अक्षरं लाडवाएवढी. माझं वाचन पुढं वाढत गेलं, तिचं तेवढ्यावर थांबलं. पण सही मात्र ती करायची, अंगठा म्हणून कधी दिला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तिच्या सहीचं काम पडणार आहे.

दुकानाचंही सांगायला पाहिजे. मावशीचं घर मागच्या अंगाला, ते काकांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. गल्लीकडची खोली मात्र तिच्या स्वतःच्या नावावर. झालं असं, की तिला मूलबाळ होईना, म्हणून सासरी काकांच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू झाली. माझे आजोबा, म्हणजे मावशीचे वडील, औंढ्याला गेले. घराला लागून एक खोली विकायला निघाली होती, ती त्यांनी लेकीच्या नावानं घेऊन दिली आणि घरी निघून आले. काकांनी दुसरं लग्न काही केलं नाही. मधल्या भिंतीला दार फोडलं आणि पुढच्या खोलीत दुकान घातलं. चांगला माणूस होता. त्या दारातून आयुष्यभर मावशी घरातून दुकानात आणि दुकानातून घरात.

ही गोष्ट नव्वदच्या आधीची. काका आजारी पडले, तेव्हा दोघांनी मिळून एकच मृत्युपत्र केलं. एकाच कागदावर दोघांच्या सह्या. जो आधी जाईल त्याचं सगळं मागं राहणाऱ्याला, आणि दोघांच्या मागं घर अन् दुकान काकांच्या पुतण्याला. पुतण्या तेव्हा शाळेसाठी त्यांच्याकडंच राहायचा, मावशीच्या हातचं जेवून मोठा झालेला. पुढं त्याला नाशिककडं कंपनीत नोकरी लागली. काका गेले. पुतण्या महाशिवरात्रीला येऊ लागला, मग एक आड एक वर्षानं येऊ लागला. पोरगा वाईट नव्हता. लांब गेला होता, एवढंच.

मावशीजवळ राहिली ती तांड्यावरची एक बाई. ती डोंगरातून बेल तोडून दुकानात आणून द्यायची. कोणत्या झाडाचं पान तीन दलांचं, अखंड निघतं, ते तिला पाठ. एके दिवशी तिच्या नवऱ्यानं दुसरी बायको आणली. त्या दिवशी ती बेलाचं गाठोडं घेऊन आली आणि परत गेलीच नाही. मावशीनं विचारलं, "आता काय करतीस?" ती म्हणाली, "बेल निवडते." निवडत बसली ती बसलीच, मावशीची सोबतीण झाली. मावशीला 'याडी' म्हणायची. त्यांच्यात आईला तसं म्हणतात. मावशी न्हाणीत पडली आणि मांडीचं हाड मोडलं, तेव्हा दोन वर्षं हिनंच उचलून धरलं. मी येऊन-जाऊन करायचे, पण माझं घर सिद्धेश्वरच्या धरणाकडं, शेत, गुरंढोरं. येऊन-जाऊन करणारं माणूस ते येऊन-जाऊनच असतं.

मावशी काठीला धरून चालू लागली आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. मी गेले की ह्या बाईला कोण राहू देईल? घर पुतण्याचं, दुकान पुतण्याचं. तांड्यावर हिला दार नाही. मग हिनं जायचं कुठं?

शेजारी चाचांचं बांगड्यांचं दुकान होतं. त्यांच्या अम्मानं मरायच्या आधी गल्लीतली चार माणसं बोलावली होती आणि सगळ्यांसमोर तोंडी वसीयत केली होती. आपण वाढवलेल्या अनाथ पोरीला अंगणातली कोपऱ्यातली खोली. ना कागद, ना शिक्का. अम्मा गेल्यावर चाचांनी अन् त्यांच्या भावानं ती खोली पोरीला मोकळी करून दिली. सगळ्या गल्लीनं ते डोळ्यांनी पाहिलेलं. आमच्या भागात कोर्टाचं मृत्युपत्र असो का घरातलं बोलणं असो, सगळ्याला वसीयतच म्हणतात, आणि वसीयत म्हटलं की ती कशी करायची हे मावशी अम्माच्या दारात शिकलेली.

मग काय, तिनंही तसंच केलं. श्रावणातला सोमवार, दुपारची गर्दी ओसरलेली. मावशीनं चाचांना बोलावलं, समोरच्या फुलवालीला बोलावलं, चहावाल्याला बोलावलं, देवळातल्या गुरवबाबांना बोलावलं. मीही होते. सगळ्यांच्या हातावर साखरफुटाणे ठेवले आणि म्हणाली, "ऐका. माज्यामागं हे दुकान हिचं. घरातली चुलीची खोलीबी हिची. तुमी समदे साक्षी हाव."

सगळे "व्हय, व्हय" म्हणाले, फुटाणे खाल्ले आणि आपापल्या कामाला गेले. मावशी त्या रात्री म्हणे फार दिवसांनी सुखानं झोपली.

चाचांच्या मनात मात्र ते राहिलं. त्यांच्या नात्यातला एक पोरगा हिंगोलीच्या कोर्टात कारकून होता, त्याला त्यांनी विचारलं. पुढच्या खेपेला मी आले तर चाचा दुकानाच्या पायरीवर बसलेले, मावशी तोंड फिरवून नारळ पुसून राहिलेली.

"भाभी, नाराज मत हो," चाचा म्हणत होते. "हमारे में जुबान से चलता. अम्मा बोल दिए तो बोल दिए. वो भी तिसरे हिस्से तक, उससे ज्यादा दूसरे को देना तो वारिसां की हाँ होना. तुम्हारे में कागज पूछते."

"काहून? तुमच्या तोंडाला तोंड म्हणायचं अन् माज्या तोंडाला काय?"

"मैं क्या करूं? कायदा मैं लिखा क्या?"

"तवाच सांगायचं होतं. फुटाणे खाऊन गेला बराबर."

चाचा हसले. मावशी हसली नाही. संध्याकाळी तिनं पेटीतून तो काकांसोबतचा कागद काढला. मला वाटलं, वाचायला देईल. तर तिनं पेन घेतलं, पुतण्याचं नाव एका रेघेनं खोडलं, वर लाडवाएवढ्या अक्षरांनी सोबतिणीचं नाव लिहिलं आणि बाजूला सही ठोकली. "घे. कागद पाह्यजे व्हता ना? झाला कागद."

सोबतीण दारात उभी होती. म्हणाली, "याडी, राहू दे. माजं काय, मी देवळाच्या ओट्यावर पडून राहीन."

"तू बेल निवड," मावशी म्हणाली.

मला ते काही पटलं नाही. पुड्यांवरचं वाचून वाचून एवढं कळत होतं, की कोर्टाच्या कागदावर असं परस्पर खोडता येत असतं तर लोकांनी कोर्टात जायलाच नको. मी म्हटलं, "मावशे, हिंगोलीला जाऊ. वकिलाला दाखवू." ती म्हणाली, "चल. पण तिथूनबी कोणी न्हाई म्हणलं तर मी परभणीला जाईन, अन् तिथूनबी न्हाई म्हणलं तर औरंगाबादला." काठी घेऊन मोडक्या मांडीची बाई एसटीत चढली, कंडक्टरनं हात दिला तर त्याचा हात बाजूला केला.

वकीलसाहेब वयस्कर होते, पान खायचे, सावकाश बोलायचे. त्यांनी कागद खिडकीसमोर धरला.

"हे खोडलं कोणी?"

"म्या," मावशी म्हणाली.

"खालचं नाव वाचता येऊन राहिलं. मग कायद्याच्या हिशोबानं ते नाव अजून जागेवर हाय. सही झाल्यानंतर कागदात बदल करायचा तर तिथंच बाजूला तुमची सही पाहिजे, अन् तुमाला सही करताना पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या पाहिजेत. ह्या खोडीला साक्षीदार कोण?"

"ही व्हती," मावशीनं माझ्याकडं बोट केलं.

"नुसती असून चालत न्हाई, बाई. सही लागते. दोघांची."

"अन् तोंडी? मी चौघांसमोर तोंडी सांगितलं हाय."

वकीलसाहेबांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "तोंडी सूट लढाईवरच्या शिपायाला लिहून ठेवलीय, दर्यावरच्या खलाशाला. तीबी सगळ्यांना न्हाई. तुमी लढाईवर हाव का?"

"मी लग्न झालं तवापासून लढाईवरच हाव," मावशी म्हणाली.

तिथं बसलेला दुसरा पक्षकारही हसला आणि आपले कागद घेऊन बाहेर गेला. पण वकीलसाहेबांनी कागद खाली ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. म्हणाले, "आता खरं बोलू. हे दोघांनी मिळून केलेलं मृत्युपत्र हाय. ह्यात तुमच्या मालकांचाबी शब्द हाय. तो माणूस गेला, त्याचा शब्द पक्का झाला. तो खोडायचा हक्क तुमाला न्हाई. तुमचा शब्द तुमी जित्या आहात तोवर कच्चा, तो तुमी बदलू शकता, अन् त्यांच्यामागं घर तुमचं झालं, म्हणून घराचंबी बदलता येतं असं म्हणता येईल. पण तिथंबी एक अडचण हाय. तुमी दोघांनी एकमेकांना वचन दिलं असंल, की मागं राहणाऱ्यानं काहीच बदलायचं न्हाई, तर गोष्ट वेगळी. वाचा बरं, तसं काही लिहिलंय का?"

कागद माझ्या हातात आला. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचला. तसं काही लिहिलेलं नव्हतं.

"अन् तोंडी काही ठरलं होतं का?"

आता बघा, तिथं आम्ही तिघंच. काका गेलेले. मावशीनं "न्हाई" म्हटलं असतं तर तिला खोटं पाडणारं कोणी जगात नव्हतं. माझ्या मनात आलं, म्हण न्हाई. चुलीची खोलीही त्या बिचारीला मिळू दे. मावशी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत बसली होती.

"घराचं ठरलं व्हतं," ती म्हणाली. "हे म्हणाले व्हते, घर माज्या भावाच्या पोराला गेलं पाह्यजे, तू फिरवू नको. मी व्हय म्हणलं. दुकानाचं काही बोलनं झालं न्हाई. दुकान त्यांचं नव्हतंच, माज्या बापानं घेतलेलं. ते कागदात आलं कारण लिहिणाऱ्यानं विचारलं, आनखी काय हाय, अन् म्या सांगितलं."

"मग घराला हात लावायचा न्हाई," वकीलसाहेब म्हणाले. "दुकानाची पुरवणी करू. पुरवणी मृत्युपत्र. मूळ कागद तसाच राहील. वेगळ्या कागदावर लिहायचं, की त्यातलं दुकानाचं तेवढं मी बदलते अन् बाकीचं कायम. सोपस्कार मात्र मूळ कागदाचेच. तुमची सही, दोन साक्षीदार. स्टँप लागत न्हाई, रजिस्ट्री सक्तीची न्हाई, पण करून घ्या. अन् आधीच सांगतो, पुतण्या भांडायला उठला तर त्याला भांडता येईल. मिळून केलेलं होतं म्हणंल. म्हणून शक्य असंल तर त्याला तुमच्या तोंडून कळू द्या, तुमी जित्या असताना."

"सांगते. मी काय चोरी करून राहिले का?"

"साक्षीदार तुमच्याहून तरणे बघा. उद्या विचारायची वेळ आली तर ते जागेवर पाहिजेत."

साक्षीदार मिळवणं, तेच काय ते अवघड निघालं. तोंडी ऐकायला गल्ली आली होती, सही म्हटल्यावर पांगली. चहावाला म्हणाला, मला बाहेरगावी जायचंय. गुरवबाबा म्हणाले, देवस्थानच्या माणसानं यात पडू नये. फुलवाली म्हणाली, तुमचा पुतण्या काय म्हणंल. मावशी कोणावर चिडली नाही. शेवटी चाचा आपणहून आले. "मैं खाया ना फुटाणे," म्हणाले. दाढी पूर्ण पांढरी झालेली. मावशीनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वकिलानं तरणा सांगितला हाय." "तो फिर तरणा ढूंढो," म्हणून ते उठायला लागले, तर तिनं हात धरून बसवलं.

दुसरी साक्षीदार मी. मला त्यातलं काही मिळणार नव्हतं, म्हणून चालते असं वकीलसाहेब म्हणाले. डॉक्टरचा दाखलाही त्यांनी घ्यायला लावला, की बाई शुद्धीत आहे. डॉक्टरनं मावशीला विचारलं, "आज वार कोणता?" मावशी म्हणाली, "सोमवार. माज्या दुकानाच्या गर्दीचा दिवस, अन् तुमी मला हितं बसवून ठेवलं."

रजिस्ट्री कचेरीत मावशीनं सही केली. लाडवाएवढी अक्षरं, जागा पुरेना. चाचा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, दोघंही पेनाच्या टोकाकडं बघत. मग तिच्यासमोर चाचांनी केली, उर्दूत. मग मी. कोर्टाच्या कागदावरची माझी ती पहिली सही.  त्या आधी मावशीनं वकिलांकडून एक ओळ आणखी घालून घेतली होती. वकीलसाहेब म्हणाले होते, गरज नाही. ती म्हणाली होती, मला हाय. ती ओळ अशी, की घराबाबत माझ्या पतीची जी इच्छा होती तीच माझीही आहे आणि मी ती बदललेली नाही.

महाशिवरात्रीला पुतण्या आला. मावशीनं त्याला जेवायला वाढलं, आणि त्यानं पहिला घास घेतल्यावर सगळं सांगितलं. खोडलेलं सांगितलं, पुरवणी सांगितली. घास त्याच्या तोंडातच राहिला.

"काकू, तांड्याची बाई आपल्या दुकानाची मालकीण?"

"आजबी तीच हाय. मी गादीवर बसून राहते. बेल कोण आणतं?"

"तिनं तुला भरवलं हे सगळं."

"तिनं मला भरवलं, व्हय. दोन वर्सं चमच्यानं भरवलं. मला उचलून संडासाला नेलं. आनखी विचार, काय केलं तिनं."

पुतण्यानं ताट बाजूला सारलं. सोबतीण दुकानाच्या बाजूला दाराआड उभी होती, तिचा पदर दिसून राहिला होता. पुतण्या तिकडं न बघता म्हणाला, "काकानं सगळं मला दिलं होतं."

"काकानं काकाचं दिलं. ते तुजंच. ते म्या खोडलं व्हतं, मला तो हक नव्हता, तुज्यासमोर सांगते. पण दुकान तुज्या काकाचं कधी नव्हतं. तुज्या घरचे माज्यावर सवत आणून राहिले व्हते, तवा माज्या बापानं घेतलं ते. एकटीला पडायला छप्पर असावं म्हणून घेतलं. आता ते दुसऱ्या एकटीला जाईल. जेव."

तो जेवला नाही. संध्याकाळच्या गाडीनं गेला. मावशी त्याचं ताट झाकून ठेवून बराच वेळ तिथंच बसली. मी म्हटलं, "मावशे, जास्त बोललीस का?" ती म्हणाली, "कमी बोलले असते तर मागून जास्त झालं असतं."

त्यानंतर ती आणखी काही वर्षं राहिली. तेवढ्यात हिंगोली जिल्ह्याचं ठिकाण झालं, गल्लीत प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, पुड्या वळायचं बंद पडलं. मावशी गेली ती दुपारी, दुकानातच, गादीवर टेकून.

तेरावं झालं आणि पुतण्यानं आम्हाला घरात बसवलं. मी, चाचा, सोबतीण. चाचांना पोरानं हाताला धरून आणलं होतं, पण डोकं ताजं. पुतण्यानं दोन्ही कागद मागून घेतले. म्हणाला, "मी नाशिकला वकिलाला विचारलंय. तो म्हणतो, दोघांनी मिळून केलं होतं, भांडता येतं." मग माझ्याकडं वळला. "ताई, तुमी सही केली तवा काकू शुद्धीत होती का?"

मी डॉक्टरचं सांगितलं, वाराचं सांगितलं. चाचा म्हणाले, "मेरे सामने करी. कागद पे जगह नै पुरी तो मेरे कू घुस्सा करी, के तू सरक के बैठ."

पुतण्या हसल्यासारखा झाला. पुरवणी वाचू लागला. वाचता वाचता त्या शेवटच्या ओळीवर थांबला, परत वाचली. "हे घराचं कशाला लिहिलं?"

तेव्हा मी त्याला वकिलाच्या खोलीतलं सगळं सांगितलं. तिथं तिघंच होतो. वकिलानं विचारलं, तोंडी काही ठरलं होतं का. तिनं खोटं सांगितलं असतं तर चुलीची खोलीही ह्या बाईला मिळवायचा रस्ता मोकळा झाला असता. काकांना दिलेला शब्द तिनं स्वतः होऊन सांगितला, आणि स्वतःची मागणी निम्म्यावर आणली.

त्यानं दोन्ही कागद घडी करून माझ्या हातात दिले. सोबतीण उठली. म्हणाली, "दादा, मी जाते. भांडण नको."

"तू कुठं जातीस?" तो म्हणाला. "बस." मग म्हणाला, "मधलं दार मी बुजवून घेतो. घर मला भाड्यानं द्यायचंय. दुकानात चूल मांडायला जागा हाय का?"

"हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. विटा घराच्या बाजूनं लागत होत्या. आम्ही दोघी दुकानात होतो. सोबतिणीनं मधल्या दारातून चुलीच्या खोलीतली भांडी, मावशीची काठी आणि गादी आधीच इकडं घेतली होती. भिंत छातीपर्यंत आली तेव्हा तिनं इकडून गवंड्याला पाण्याचा तांब्या दिला. त्यानं पिऊन परत दिला आणि वरची वीट लावली.

त्या दिवशी सोमवार होता. ती मला म्हणाली, "ताई, तुमी गादीवर बसा जरा. मी डोंगरातून येते, उशीर झाला तर बेल सुकते."